पाण्याचा जाळ रुसला तर काय बघायचं?

"मिस्त्री, जाळ बसलाय बघा."

डिसेंबरात पाचगणीच्या एका बंगल्यावरून, तिथली विजेची पाण्याची शेकोटी सांभाळणाऱ्या केअरटेकर मामांचा फोन आला की सुरुवात बहुधा अशीच होते. कधी 'जाळ आडवा पडतोय', कधी 'नुसता धूर निघतोय', तर कधी 'एका अंगानंच पेटतंय'. यंत्राच्या पुस्तिकेत या सगळ्याला मिळून 'ज्वाळेचा परिणाम कमी' एवढंच लिहिलेलं असतं. मामांचे शब्द जास्त कामाचे आहेत. जाळ बसला, आडवा पडला की धुरकटला, यावरूनच अर्धा दोष फोनवर कळतो. म्हणून हा लेख मामांच्याच भाषेत लिहितोय.

माझं दुकान साताऱ्यात आहे. पंखे, मोटारी, गिझर हे रोजचं काम. पसरणी घाट चढून वर जायला लागलो ते या पाण्याच्या शेकोट्यांमुळे. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसायला लागलं. तेव्हापासून वरच्या जुन्या बंगल्यांत दगडी शेकोट्या आणि धुराडी आहेत. आता लाकूड जाळायचा खटाटोप कुणालाच नको असतो, म्हणून त्याच खोबणीत विजेची, पाण्याचा जाळ दाखवणारी शेकोटी बसवतात. दिसते झकास. पण पहिल्या हिवाळ्यातच ती रुसते, आणि ज्यांच्या हाती ती असते त्या केअरटेकरला किंवा नव्या होमस्टेवाल्याला तिचं काही कळत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी हे समजून घ्या

विक्रेते 'वाफेची शेकोटी' म्हणतात, पण ही वाफ नव्हे. वाफ चटका देते. हे थंड धुकं आहे, पहाटे वेण्णा लेकवर तरंगतं तसलं. खाली एक उथळ भांडं असतं. त्याच्या तळाशी नाण्याएवढ्या चकत्या बसवलेल्या असतात. त्यांना कुणी डिस्क म्हणतं, कुणी ट्रान्सड्यूसर. वीज दिली की चकती थरथरते. बऱ्याच यंत्रांत ही थरथर सेकंदाला सतरा लाख ते चोवीस लाख वेळा होते. कानाला ऐकू येत नाही, पण वरचं पाणी फुटून त्याचे बारीक तुषार होतात. विजेनं थरथरणाऱ्या स्फटिकांचा हा गुण मुळात क्युरी बंधूंच्या १८८० च्या शोधातून पुढे आला. छोटा पंखा ते तुषार वरच्या लांब फटीतून ढकलतो, आणि खालून केशरी दिवा त्यांच्यावर पडतो. डोळ्यांना वाटतं, पेटलंय.

म्हणजे जाळ असा काही नाहीच. आहे ते पाणी, वारा आणि उजेड. बिघाड या तिघांपैकी एकात असतो, आणि शोधायचाही याच क्रमानं. उलटं केलं की खिसा रिकामा होतो. माझा झालाय, ते पुढे येईलच.

स्क्रू उघडण्याआधी टॉर्च

खोलीतले दिवे घालवा, पडदे ओढा. यंत्र चालू ठेवून मोबाईलचा टॉर्च फटीवर बाजूनं, आडवा धरा. टॉर्चच्या झोतात दाट पांढरं धुकं नीट उठताना दिसलं, पण एरवी जाळ फिका दिसतोय, तर दोष उजेडाचा. केशरी दिवे लख्ख आहेत पण टॉर्चमध्ये धुकं विरळ आहे किंवा नाहीच, तर दोष पाण्याचा किंवा चकतीचा. धुकं भरपूर आहे पण एका बाजूला झुकतंय, फाटतंय, मागे ओढलं जातंय, तर दोष वाऱ्याचा. दोन मिनिटांचं काम आहे. एवढं करून मला फोन केलात तर निम्म्या वेळा मला घाट चढावाच लागणार नाही.

पाणी

सर्वात जास्त वेळ इथे द्या. दहातल्या सात तक्रारी पाण्याच्या, हा माझा अंदाज आहे, मोजणी नव्हे.

पहिली गोष्ट पातळी. पाणी कमी झालं की जाळ बसतो, हे कुणालाही पटतं. जास्त झालं तरी बसतो, हे पटत नाही. चकतीच्या डोक्यावर पाण्याचा ठरावीक थर लागतो, साधारण दोन ते चार सेंटिमीटर. नेमका आकडा तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा. त्याहून जास्त पाणी चढलं की चकतीचा जोर पाणी हलवण्यातच संपतो. टाकी असलेल्या यंत्रात भांड्यातली पातळी आपोआप राखली जाते. पण कुणीतरी उत्साहानं वरून तांब्यानं पाणी ओतलं की गणित बिघडतं. टाकीची रबरी वायसर नीट बसली नसेल तरी हेच होतं. आणि पाणी पार आटलं असताना चकती चालली तर काही मिनिटांत जळते. यंत्रात फ्लोट, म्हणजे पातळी ओळखणारा तरंगता तुकडा असतो, तो तिला वाचवायलाच. फ्लोट क्षारानं अडकला असेल तर तो खोटं बोलतो: पाणी असून 'नाही' म्हणतो, किंवा नसून 'आहे'. बोटानं हळूच वर-खाली करून बघा, सहज सरकला पाहिजे. अर्थात प्लग काढून.

मग ढाळ. जुन्या बंगल्यांच्या फरशा सरळ नसतात. भांडं एका बाजूला कललं की उंच बाजूच्या चकतीवर पाणी कमी, खालच्या बाजूच्या चकतीवर जास्त. 'एका अंगानंच पेटतंय' याचं पहिलं कारण हे. गवंड्याकडची पाणसळ मागून घ्या आणि यंत्रावर लांबीतही ठेवा, रुंदीतही. लाकडी पाचरी किंवा पुठ्ठा घालून सरळ करा. पाणसळ बरोबर दाखवतेय आणि तरीही एक बाजू थंड आहे, तेव्हाच त्या बाजूची चकती संशयित.

ती चकती नुसती बघूनही कळते. वरची लाकडं आणि जाळी काढून, यंत्र चालू असताना, वरून पाण्याकडे बघा. चालू चकतीच्या डोक्यावर पाण्याचा छोटा उंचवटा उठतो, उकळी फुटायच्या बेतात असल्यासारखा, आणि त्याच्या टोकावरून धुकं सुटतं. मेलेल्या चकतीवरचं पाणी आरशासारखं शांत. मधली अवस्था म्हणजे उंचवटा आहे पण धुकं नाममात्र. तिथे पुट चढलेलं असतं. फक्त बघायचं. त्या उंचवट्यात बोट घालू नका. पाणी थंड असलं तरी बोटाला सुई टोचल्यासारखं भाजतं, आणि शेजारी वीज आहे ते वेगळंच.

आता पुट. वाई, सातारा, कोरेगावकडच्या बोअरच्या पाण्याला खार आहे, हे चहाच्या भांड्याच्या तळाकडे बघणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. वर डोंगरावर पाणी तुलनेनं हलकं असतं, पण हंगामात टँकर येतात आणि ते कुठलं पाणी आणतील सांगता येत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरमागे पाचशे मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालवून घेतं. पोटाला ते चालतं, चकतीला नाही. यात आणखी एक गंमत आहे. चकती पाण्याची वाफ करत नाही, थेंब फोडते. त्यामुळे क्षारही थेंबासोबत उडतात. काळ्या काचेवर, टीव्हीवर पांढरी पूड बसलेली दिसली की ओळखायचं, हे पीठ नव्हे, तुमच्या बोअरचा खार आहे.

म्हणून आरओचं पाणी वापरा. मात्र एक अडचण आहे. काही यंत्रांत पातळी ओळखायला फ्लोटऐवजी धातूच्या दोन काड्या असतात. अगदी शुद्ध, बॅटरीत घालतात तसलं डिस्टिल्ड पाणी वीज नीट नेत नाही, त्यामुळे टाकी काठोकाठ असूनही यंत्र 'पाणी संपलं' म्हणून लाल दिवा लावून बसतं. मग थोडं नळाचं पाणी मिसळा, की तक्रार मिटते.

पुट काढायची रीत अशी. प्लग काढा, भांडं रिकामं करा. गरम नव्हे, कोमट अशा ग्लासभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवा, किंवा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घ्या. चकत्या बुडतील एवढंच ओता आणि वीस-पंचवीस मिनिटं सोडून द्या. बारीक बुडबुडे येतील, ते क्षार सुटण्याचं लक्षण. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशनं किंवा कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं हलक्या हातानं फिरवा. दोनदा आरओच्या पाण्यानं खंगाळा, पुसा, सुकू द्या. एकदा घाईत मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडलं होतं. पुट निघालं आणि चकतीवरचा मुलामाही निघाला. ती चकती पुढे महिनाभरही टिकली नाही. घासणी, काथ्या, चाकू यांना भांड्याच्या जवळपास फिरकू देऊ नका. भिजवणं हेच काम करतं, घासणं नाही.

राहिली थंडी. जानेवारीत वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडे पहाटे दवाचं हिम होतं, त्याचे फोटो पेपरात येतात. अशा रात्री बंद खोलीत टाकीतलं पाणी बर्फासारखं गार पडलेलं असतं. गार पाणी जास्त चिवट असतं, सहज फुटत नाही. पाहुणे संध्याकाळी सातला येतात, मामा सातलाच बटण दाबतात आणि जाळ वीतभरसुद्धा उठत नाही. बिघाड काहीच नाही. अर्धा-पाऊण तास आधी चालू करा, किंवा टाकी हाताला लागेल न लागेल अशा कोमट पाण्यानं भरा. गिझरचं कढत पाणी ओतू नका, चकतीच्या रबरी कडा आणि जोड त्यानं जातात.

वारा

आता माझी फजिती. पाचगणीतल्या एका बंगल्यात जाळ रोज रात्री आठला उजवीकडे आडवा पडायचा. मी चकत्या बदलल्या. मग पंखा बदलला. मग बोर्ड मागवला, तोही स्वतःच्या पैशानं, कारण आधी 'नक्की होईल' म्हणून बसलो होतो. तिसऱ्या खेपेला रात्रीपर्यंत थांबलो. आठ वाजता स्वयंपाकीणबाईंनी भाकरी टाकायला घेतल्या, एक्झॉस्ट फॅन लावला, आणि जाळ आज्ञाधारकासारखा स्वयंपाकघराच्या दाराकडे झुकला. दार लोटून घेतलं, जाळ सरळ.

"बाई, हे रोज आठलाच लावता का?"

"मग काय दुपारी लावू? भाकरी आठला असत्यात."

तेव्हापासून पिशवीत उदबत्तीचा पुडा असतो. यंत्र बंद करा, धुक्याच्या फटीजवळ उदबत्ती धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. सरळ वर गेला तर खोली शांत आहे. वाकला तर ज्या दिशेनं वाकला तिकडे खेच आहे, किंवा उलट बाजूनं झुळूक येतेय. सीलिंग फॅन, एसी, दाराखालची फट, फ्रेंच विंडोची सैल कडी हे सगळं एकेक करून बंद करा आणि परत बघा. दर वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कळत नाही.

दगडी शेकोटीच्या खोबणीत यंत्र बसवलं असेल तर उदबत्ती थेट आत, धुराड्याच्या तोंडाशी न्या. उघडं धुराडं खोलीतली उबदार हवा सतत वर ओढतं. त्यासाठीच तर ते बांधलेलं. पाण्याचा जाळ त्यात लांब, बारीक, चिंधीसारखा होतो आणि वरच्या वर नाहीसा होतो. पाहुण्यांना वाटतं धूर निघतोय. धुराड्याची झडप असेल तर लावून घ्या, नसेल तर मापाचा पत्रा किंवा सिमेंट शीट बसवून घ्या. मात्र यंत्राच्या खालची हवा आत घ्यायची जाळी झाकू नका. ती झाकली की पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही आणि जाळ परत बसतो. गालिचा सरकून त्या जाळीवर आलेला मी किती वेळा पाहिलाय.

त्याच जाळीमागे स्पंजचा किंवा नायलॉनचा फिल्टर असतो. टेबललँडची, महाबळेश्वरच्या पठाराची माती जांभ्याची. उन्हाळ्यात ती तांबडी धूळ फिल्टरमध्ये मेंदीसारखी बसते. सगळीकडून सारखाच आणि हळूहळू, महिनाभरात कमी होत गेलेला जाळ म्हणजे जवळजवळ नेहमी तुंबलेला फिल्टर. साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवून बसवा. ओला बसवू नका.

लाकडाच्या तुकड्यांबद्दलही इथेच सांगतो. कंपनीची नकली लाकडं फट मोकळी राहील अशी घडवलेली असतात. 'खरं वाटावं' म्हणून कुणी वर सिल्व्हर ओकच्या फांद्या रचतं, कुणी नदीतले गोटे. धुकं त्याखाली कोंडतं, थेंब होऊन भांड्यात परत टपकतं आणि जाळाला मधेच भोकं पडतात. फटीवर काहीही ठेवायचं नाही.

उजेड

इथे फार काही नाही. एलईडीची पट्टी असेल तर ती बहुधा एका तुकड्यात जाते. तेवढ्या भागात धुकं पांढरट, बाकी केशरी दिसतं. बदलावी लागते. रिमोटवर रंग बदलायची सोय असेल तर आधी तेच तपासा, पाहुण्यांच्या पोरांनी निळा करून ठेवलेला असतो. दिव्यावरची काच क्षारानं पांढरी झाली असेल तर ओल्या कपड्यानं पुसा.

जुन्या यंत्रांत बारा व्होल्टचे हॅलोजन असतात. ते वरचेवर उडतात म्हणून बाजारातून त्याच टोपीचे एलईडी आणून लावायचा मोह होतो. उजेड पडतो, पण जाळ उठत नाही. कारण हॅलोजन नुसता उजेड देत नव्हता, ऊबही देत होता. धुकं थंड आणि जड असतं, त्या उबेनं त्याला वर उचललेलं असतं. अशा यंत्रात एक जरी हॅलोजन गेला तरी त्या जागचा जाळ बुटका होतो. त्याच जातीचा, तितक्याच वॅटचा दिवा लावा. काढताना गार होऊ द्या, आणि नवा कागदात किंवा कपड्यात धरून बसवा. हॅलोजनच्या काचेला बोटाचं तेल लागलं की ती तिथेच तडकते.

आणि दुपारी बारा वाजता पश्चिमेच्या काचेसमोर हा जाळ कुणालाच दिसणार नाही. त्याला मागे काळोखी पाठ आणि मंद खोली लागते. मागची भिंत पांढरी असेल तर मागच्या पत्र्याला काळा मॅट रंग द्या. एवढ्यानंच 'आता कसा पेटला' म्हणणारे मालक भेटलेत.

ऋतू

जाळाला टोक का येतं? वर जाता जाता थेंब सुकतात म्हणून. एप्रिलच्या कोरड्या दुपारी ते लवकर सुकतात, जाळ आखूड दिसतो. रिमोटवर उंची वाढवा. पावसाळ्यात उलटं. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जुलैत ढग खिडकीतून आत येतात. तेव्हा थेंब सुकायला जागाच नसते. जाळ उंच, टोक नसलेला, धुराच्या लोटासारखा होतो आणि समोरची फरशी ओली होते. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. उंची सर्वात खाली आणा, आणि यंत्राला वेगळा हीटर असेल तर थोडा वेळ लावून खोली कोरडी करा. तो हीटर एक-दोन किलोवॅटचा असतो, त्याला मोठं पॉवर सॉकेटच लागतं. एक्सटेन्शन बोर्डावर लावू नका.

वीज आणि वास

जाळ श्वास घेतल्यासारखा मोठा-लहान होत असेल आणि त्याच वेळी घरातले बल्बही मिणमिणत असतील, तर यंत्राला सोडा, व्होल्टेज बघा. वर हंगामात हे होतं. साध्या इन्व्हर्टरवर पंखा घुंइऽ करतो, तेही यंत्राचं पाप नव्हे. पण प्लगला अर्थिंग आहे ना आणि लाइनवर ईएलसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आहे ना, हे एकदा वायरमनकडून तपासून घ्याच. पाणी आणि वीज एका डब्यात नांदतायत.

जाळाला कुबट वास येत असेल तर पाणी शिळं झालंय. अत्तर, निलगिरीचं तेल, गुलाबपाणी असलं काही घालू नका. प्लास्टिक तडकतं आणि चकती चिकट होते. वासापेक्षा मोठं कारणही आहे. साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो, आणि तो तुषारांतून श्वासात जातो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलातल्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, त्यातून तो ओळखला गेला. म्हणून दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, आणि पाहुणे नसतील तर टाकी रिकामी ठेवायची. 'कालच भरलीय' हे मामांचं उत्तर चालेल, 'दिवाळीत भरली होती' चालणार नाही.

हे सगळं करूनही जाळ रुसलेलाच असेल तर मिस्त्रीला बोलवा, पण त्याआधी दोन व्हिडिओ पाठवा: एक खोली अंधारी करून समोरून, दुसरा टॉर्च आडवा धरून बाजूनं. सोबत पाणी कुठलं वापरता, पुट शेवटचं कधी काढलं आणि बिघाड दिवसातल्या ठरावीक वेळी होतो का, एवढं लिहा. आणि जूनमध्ये बंगला बंद करून खाली येणार असाल तर टाकी, भांडं, फिल्टर तिन्ही कोरडे करून टाकीचं झाकण उघडंच ठेवा. झाकण लावलंत तर ऑक्टोबरात आत बुरशी भेटेल.